आमची वाटचाल : एकसष्ट कोटी ओळी आणि एक की

दूध संकलनाचं सॉफ्टवेअर मी आणि माझ्या भागीदाराने इस्लामपुरात दोन खोल्यांत सुरू केलं. नोंदींचं टेबल त्यानेच बांधलं: संस्था, सभासद, तारीख, पाळी, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर. प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, नव्हती. विचारलं तर म्हणाला, "नंतर टाकू की!" पुढे तो बंगळुरूला नोकरीला गेला, टेबल माझ्या गळ्यात राहिलं.

आठ वर्षं बरी गेली.

आमचा सगळ्यात मोठा ग्राहक एक दूध संघ. सातशे संस्था, दोन्ही पाळ्या धरून दिवसाला दोन लाखांवर नोंदी. एकदा दरफरक लावायचा म्हणून दहा दिवसांच्या २१ लाख ओळी अपडेट केल्या. मुख्य सर्व्हरवर झालं. रेप्लिका, म्हणजे त्याची चालती प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर, मात्र बसली. प्रायमरी की नसली, तर मायएसक्यूएल या डेटाबेसची रेप्लिका प्रत्येक ओळ शोधत बसते. आमच्याकडे फक्त तारखेची इंडेक्स (शोधसूची), म्हणजे एका ओळीसाठी त्या दिवसाच्या दोन लाख चाळायच्या. बिलं रेप्लिकावरून छापली जायची, ती जुन्या दराने निघाली. संस्थांचे सचिव संघाच्या दारात.

तेवढ्यात पुण्याची एक कंपनी कोटेशन घेऊन संचालकांसमोर हजर. "गावठी सॉफ्टवेअर आहे, फेकून द्या," हे त्यांचे शब्द, आणि मी त्याच खोलीत बसलेलो. अध्यक्ष आबा एवढंच म्हणाले, "पोराला पंधरा दिवस द्या."

की घालायला एकसष्ट कोटी ओळींच्या कॉपीवर सरळ आल्टर, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी कमांड, चालवून पाहिलं: १९ तास. ऑटो इन्क्रिमेंट, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा, कॉलम घालताना टेबलात लिहिता येत नाही, आणि दोन पाळ्यांमधली फट सात-आठ तासांची. म्हैस काय आल्टर संपायची वाट बघत थांबते? घोस्ट (gh-ost, टेबल चालू ठेवून त्याची रचना बदलणारं साधन) वापरायला गेलो तर ते आधी युनिक की, म्हणजे दुबार ओळ येऊ न देणारी की, मागतं. ती असती तर रडलो कशाला असतो?

शेवटी बिगइंट (मोठ्या पूर्णांकाची) की घालून नवं रिकामं टेबल केलं. बिल निघालेल्या जुन्या नोंदी बदलत नाहीत, म्हणून त्या एकेका दिवसाच्या, कीच्या क्रमाने भरल्या. वाटेत दुबार नोंदी सापडल्या, रेंज गेली की मशीन तीच नोंद पुन्हा पाठवायचं. त्यांचे पैसे चुकते झालेले, म्हणून पुसल्या नाहीत, वेगळ्या टेबलात ठेवल्या. मग संस्था, सभासद, तारीख, पाळी आणि जनावर मिळून युनिक की लावली. दुप्पट जागा लागते, डिस्क आधी घ्या. आणि स्क्रीन (कनेक्शन तुटलं तरी कमांड चालू ठेवणारं सर्व्हरवरचं साधन) उघडून त्यातच कमांड चालवा, माझं कनेक्शन दोनदा तुटलं होतं.

शेवटच्या रात्री संध्याकाळपाळी बंद झाल्यावर उरलेले दिवस भरले, ओळी मोजल्या, लिटरची बेरीज जुळवली आणि एकाच रिनेम कमांडमध्ये दोन्ही नावं फिरवली. रेप्लिका ताज्या बॅकअपवरून नव्याने उभी केली. पहाटे साडेपाचला पहिल्या संस्थेची नोंद आली तेव्हा आबांना फोन केला. ते म्हणाले, "बिलं बरोबर निघू देत, मग बोलू." निघाली.

परवा एका शेजारच्या संघात पुण्याच्या त्या कंपनीचं टेबल पाहायला मिळालं. की आहे: संस्था, सभासद, तारीख, पाळी. जनावर नाही. गाय आणि म्हैस दोन्हींचं दूध घालणाऱ्याची दुसरी नोंद तिथे कुठे जाते, ते मी विचारलं नाही.