निल रिपोर्ट

६ सप्टेंबर २०२४, बडोदा, रात्री साडेदहा

आज हरतालिका, उपास, आणि पुरानंतर घरोघर आजारी शोधत दिवसभर पायपीट. विश्वामित्रीचं पाणी उतरलं, धोक्याची पातळी ओलांडून नदी पार ३५ फुटांच्या वर गेली होती, आता लोकांनी गाळ उपसला, गाद्या गच्चीत वाळत घातल्या, उद्या गणपती बसणार, म्हणून सगळ्यांना वाटतंय सुटलो एकदाचे. पण लेप्टो, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, बहुतेक ५ ते १४ दिवसांनी ताप दाखवतो, डबक्यातल्या अंड्यांचे डास व्हायलाही आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे जपायचं आत्ताच आहे.

नदीकडच्या एका सोसायटीत काकू दारातूनच म्हणाल्या, "सगळे बरे आहेत गं, नातवाचं पोट जरा बिघडलंय एवढंच." मी विचारलं, कालपासून किती वेळा गेला? काकू गप्प, आतून सून म्हणाली, सात. २४ तासांत ३ वेळा पातळ झालं की आम्ही जुलाब धरतो, आणि हा सात! पोराची जीभ कोरडी पडलेली. ओआरएस तिथेच कालवून चमच्याने पाजायला लावलं, तोवर माझ्यासोबतच्या आशाबेननी शेजारची बेल वाजवली, तिथे दोन निघाले, समोर आणखी एक, आणि सगळ्यांचा नळ एकाच लाइनवर. नळाचं पाणी टेस्टच्या नळीत घेतलं, ओटीचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पिवळं होतं, शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. आम्ही दोघी उजेडात धरून बघत राहिलो, पाणी तसंच्या तसं, पिवळेपणा नाहीच.

लगेच फोन केले, गोळ्या वाटल्या, शौचाचं सॅम्पल पाठवलं, रोगांच्या सरकारी नोंदीच्या एस फॉर्ममध्ये चारही केसेस भरल्या. आम्ही दारोदार बघून भरतो तो एस, डॉक्टरांचा पी, लॅबचा एल, पूर्वी आठवड्याला कागद जायचा, आता रोज ऑनलाइन जातं, म्हणजे दुसऱ्या वॉर्डातही असंच काही असेल तर वर बसलेल्याला आजच जोडून बघता येतं.

मागे एकदा एका साहेबांनी सांगितलं होतं, सणाच्या तोंडावर कशाला आकडे, निल टाका, म्हणजे एकही रुग्ण नाही असं. मी नवीन होते, टाकलं. ते अजून बोचतं. निल लिहायला माझी ना नाही, पण दार वाजवून मगच.

काकूंनी निघताना हातात केळं ठेवलं, उपास कळला होता त्यांना. उद्या सुट्टी आहे, पण आरतीआधी त्या नळाचं पाणी परत तपासून येते. पोराचा रिपोर्ट अजून आला नाहीये.