डास सगळ्यांनाच चावतात, मग तुझ्याच मुलाचं एवढं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि या पावसाळ्यात चौथ्यांदा विचारलंत म्हणून, एकदाच सगळं लिहिते. उकाड्यातही लांब बाह्या का, दप्तरात मलम का, सहलीला नाही का म्हटलं.

"रक्त गोड असेल त्याचं," असंही कुणी म्हणतं. तसं काही नसतं. डासाला माणूस सापडतो तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आणि अंगाच्या वासामुळे. शिवाय माझ्या मुलाला जास्त डास चावतात असं मी कधीच म्हटलेलं नाही. तुमच्या मुलांइतकेच चावतात. फरक पडतो तो चावल्यानंतर.

रक्त पिताना डासाची मादी कातडीत लाळ सोडते. त्या लाळेत कितीतरी प्रथिनं असतात. त्यातलं अपायरेज हे प्रथिन प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या कणांना, एकत्र येऊ देत नाही, म्हणून रक्त वाहतं राहतं. डी-7 घराण्यातली प्रथिनं आपल्या शरीरातली हिस्टामिन आणि सेरोटोनिन ही जखमेला प्रतिसाद देणारी रसायनं पकडून ठेवतात. तिचं पोट भरेपर्यंत आपल्याला पत्ता लागू नये, अशी ती सोय. आपलं शरीर ही प्रथिनं परकी म्हणून ओळखतं, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि गांधी उठते. बहुतेकांची उठते. काही मुलांचं शरीर मात्र त्याच प्रथिनांवर तुटून पडतं आणि मोठी सूज येते. कॅनडातल्या विनिपेगच्या संशोधक एस्टेल सायमन्स आणि झिकांग पेंग यांनी 1999 साली लहान मुलांमधल्या अशा सुजेला 'स्कीटर सिंड्रोम' हे नाव दिलं. म्हणजे हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही.

हे तेव्हा मला माहीत असतं तर.

तो अडीच वर्षांचा होता. संध्याकाळी पाळणाघरातून आणला तेव्हा भुवईखाली बारीकसा लाल ठिपका होता. रात्री दहापर्यंत पापणी फुगली. सकाळी डोळा उघडेना, गाल गरम आणि टणक. त्याला कडेवर घेऊन मी तशीच पाळणाघरात गेले. दारात तीन-चार आया मुलांना सोडायला आलेल्या. मी काही विचारलं नाही, सरळ ओरडले, "कुणी मारलं याला?"

काकू गडबडल्या. म्हणाल्या, "अगं, काल दुपारी डास चावला त्याला. मी खोबरेल लावलं होतं."

"डासाने डोळा मिटतो का?" मी म्हटलं. अगदी मोठ्याने.

तुम्ही आज मला जे विचारता तेच. त्या आठवड्यात आणखी दोघींनी आपली मुलं तिथून काढली. 

काही महिन्यांनी तो माझ्याच घरी, माझ्या डोळ्यांदेखत चावलेल्या डासाने कोपरापर्यंत सुजला. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "चावल्यापासून किती वेळात सूज आली?" जंतुसंसर्गाची सूज चढायला बहुधा दिवस लागतात, ही काही तासांतच येते. दुपारी चावला, रात्री सुजला. काकूंनी मला नेमकं हेच सांगितलं होतं. मी पाळणाघरात गेले तर कुलूप. त्या गावी निघून गेल्या होत्या. त्यांचा नंबर अजून माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.

मुलाचा डोळा मिटलेला पाहून कोणती आई शांतपणे बोलेल, असं मी स्वतःला सांगते. मुलांना मारलंही जातं, हेही सांगते. दोन्ही खरं आहे. पण आधी विचारता आलं असतं, आणि चार बायकांसमोर ओरडायची गरज नव्हती, हेही खरं आहे.

सासूबाई म्हणतात, "चावू दे की, अंगवळणी पडेल." यावर मी चिडते, आणि त्यांचं पुरतं चूक नाही हेही मला माहीत आहे. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी 1946 सालीच मांडलं होतं, की पुन्हा पुन्हा चावून घेतलं की शरीराची प्रतिक्रिया टप्प्याटप्प्याने बदलते आणि शेवटी मावळू शकते. मग माझ्या लांब बाह्या ती मावळायला उशीर तर करत नाहीत ना? हा विचार मला रात्री छळतो. पण त्यासाठी किती डास चावून घ्यायचे? आणि त्यातला एक डेंग्यूचा निघाला तर?

गेल्या आठवड्यात मनगटाला चावला. बर्फ लावला, औषध दिलं, सुजेच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढली. सकाळी सूज रेघेच्या आतच होती. शाळेत पाठवताना बाह्या मात्र मी खालीच ओढल्या.