सिंधूला माहेरी पाठवायचा प्रयत्न

रात्रीचे पावणेदोन वाजलेत, सकाळी लवकर उठायचंय आणि मी वहीत सिंधूला माहेरी पाठवायच्या खटपटीला लागलेय. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातली सिंधू, दारूच्या नादी लागलेल्या सुधाकरची बायको. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना यूट्यूबवर आपोआप तिचं ‘कशि या त्यजू पदाला’ (हे पाय सोडून कशी जाऊ) लागलं आणि झालं, उरलेले कपडे अजून तसेच खुर्चीवर पडलेत.

ही वही कुणाला दाखवलेली नाही. संगीत नाटकांचे शेवट बदलून लिहायचे असा उद्योग आहे, गेल्या पावसाळ्यापासून चालू आहे, आणि लिहून लिहून सात-आठ नाटकं झाली तरी एकही शेवट धड पूर्ण झालेला नाही. का होत नाही हे आज जरा कळल्यासारखं वाटतंय म्हणून झोप सोडून लिहितेय.

तर सिंधू. तिला वाचवायचं तर कुठून सुरू करायचं? शेवटच्या अंकातून नाही, तिथे फार उशीर झालेला असतो. मूल गेलेलं, ती स्वतः मरणाच्या दारात, आणि त्या अवस्थेतसुद्धा नवऱ्याला वाचवायला ती खोटं बोलते, मग सुधाकर विषाचा प्याला पितो आणि पडदा. त्याच्याही आधी जायला हवं. सुधाकरची वकिली गेलेली, घरातलं एकेक विकून झालेलं, आणि सिंधूचा भाऊ पद्माकर तिला न्यायला येतो. चल माझ्याबरोबर म्हणतो. हा एक क्षण आहे जिथे अख्खं नाटक वळू शकतं. तिने फक्त हो म्हणायचंय. मी लिहिलं, सिंधू उठली, बाळाला उचललं, दारापर्यंत आली. दोन पानं झकास झाली. गीतालाही बरोबर घेतली, सुधाकरला दारू लावणाऱ्या तळीरामाची बायको, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी, ती नक्की गेली असती.

आणि मग अडले. कारण ‘कशि या त्यजू पदाला’ हे पद म्हणजेच तिचा नकार आहे. ती नाही म्हणत नाही, ती गाते. ती माहेरी गेली की हे पद गेलं, आणि पुढे दारिद्र्यात बाळाला जवळ घेऊन ती जे काही गाते ते सगळंच गेलं. म्हणजे सिंधू वाचते पण नाटकात ऐकायला काही उरत नाही! ज्या पदासाठी मी हातातलं काम टाकून ऐकत बसते तेच पद तिला त्या घरातून हलू देत नाही, आणि आपण शंभर वर्षं त्यालाच वाहवा म्हणतोय, मी पण त्यातलीच.

यात आणखी एक गंमत आहे (गंमत हा शब्द बरोबर नाही पण असो). पदं गडकऱ्यांची नाहीतच. गडकरी 1919 च्या जानेवारीत गेले, नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं, गंधर्व नाटक मंडळीने केलं, बालगंधर्व सिंधू झाले, आणि पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली. म्हणजे गडकऱ्यांच्या गद्यात सिंधू नुसती ठाम आहे, पटो न पटो पण तिच्याशी भांडता तरी येतं. गुर्जरांच्या पदात शिरली की भांडण संपतं, कारण सुराशी कसं भांडणार. मी मगाशी पुस्तक काढून तो प्रवेश पदं गाळून वाचून बघितला. खरंच वेगळं वाटलं, चिडता आलं मला तिच्यावर. ऐकताना कधी चिडता आलं नव्हतं.

आईची गोष्ट इथे लिहून ठेवते नाहीतर विसरेन. आजीच्या घरी रेडिओवर नाटक लागायचं तेव्हा एकच प्याला असलं की शेवटाच्या आत आजी उठून रेडिओ बंद करायची. काही न बोलता, म्हणजे “पुढचं माहितीये” एवढंच म्हणायची आणि स्वयंपाकघरात जायची. आई तेव्हा लहान. तिला कितीतरी वर्षं वाटायचं की नाटक तिथेच संपतं, सिंधू आहे त्या घरात गरिबीत, पण आहे, आणि बाळही आहे. कॉलेजात पुस्तक हातात आलं तेव्हा तिला शेवट कळला आणि ती घरी येऊन आजीवर रागावली की मला सांगितलं का नाहीस. आजी म्हणाली, “अगं काय सांगायचं, आपल्या घरात तरी मी नाही मरू दिलं तिला.”

मी इथे वह्या भरतेय आणि आजीने एक बटण फिरवून काम केलं होतं.

वन्समोरचाही मी कधीपासून विचार करतेय. नाटक पुढे चाललेलं, पात्र संकटात, आणि प्रेक्षक ओरडून त्याला परत मागे नेतात, तेच पद पुन्हा म्हण. पूर्वी नाटकं रात्र रात्र चालायची ती काय उगाच नाही. घड्याळात बघितलं तर हा पण शेवट लांबवण्याचाच प्रकार आहे की. जोपर्यंत वन्समोर चालू आहे तोपर्यंत सुधाकर प्याल्याला हात लावू शकत नाही. पण मग असंही वाटतं की हे लोक सिंधूला वाचवत नव्हते, तिच्या दुःखाचा अजून एक घोट मागत होते. दोन्ही खरं असेल. मला विचाराल तर दुसरं जास्त खरं.

आता शारदा. देवलांचं नाटक, 1899 सालचं. याचा शेवट सुखाचा आहे म्हणून लोक त्याच्याकडे बघतच नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. पाऊणशे वयाचा भुजंगनाथ, पैशासाठी पोरीला उजवायला निघालेला कांचनभट, मधे तो भद्रेश्वर दीक्षित दलाल, लग्न मांडवापर्यंत येतं. आणि थांबतं कशामुळे? वय जुळत नाही म्हणून नाही. मुलगी नको म्हणतेय म्हणून तर नाहीच नाही. गोत्र एक निघालं म्हणून! सगोत्र विवाह शास्त्राला चालत नाही म्हणून. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वाचता वाचता थांबलेच. म्हणजे म्हाताऱ्याचं गोत्र जर वेगळं असतं तर? काही अडचण नव्हती, अक्षता पडल्या असत्या, मंडळी जेवून घरी. मी वहीत एवढंच केलंय, गोत्र बदललं. एक शब्द. बाकी सगळं देवलांचंच ठेवलं. आणि ते पान मला पुन्हा वाचवत नाही, कारण शेवट बदलल्यासारखं वाटतच नाही, जे घरोघरी होत होतं तेच लिहिल्यासारखं वाटतं.

देवलांना हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. उलट मला वाटतं त्यांनी मुद्दाम केलं. तेव्हाच्या प्रेक्षकाला पटेल असं एकच हत्यार होतं आणि ते शास्त्रातलंच होतं. 1891 चा संमतीवयाचा कायदा झाला तेव्हा मुलींचं शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहाचं बारा करण्यावरून केवढा गदारोळ झाला होता, मग आठच वर्षांनी नाटकात शारदा उभी राहून मला हा नवरा नको म्हणाली असती तर प्रयोग चालला असता का. लग्नाचं वय मुलींसाठी चौदा करणारा कायदा आला 1929 ला, त्याला सगळे शारदा कायदा म्हणतात आणि कितीतरी लोकांना वाटतं की तो नाटकावरून पडलेला शब्द आहे, प्रत्यक्षात ते विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडांचं आडनाव. मला मात्र हा गैरसमज आवडतो. खोडून काढायला जीवावर येतं. देवलांच्या शारदेने जीव द्यायला नदीकडे धाव घेतली होती, तरुण कोदंडाने वाचवलं, त्याच्याशी लग्न झालं, ठीक. पण तीस वर्षांनी तिच्या नावाचा कायदा झाला असं लोकांनी मनातल्या मनात जोडून टाकलं, हा शेवट माझ्या वहीतल्या कुठल्याही शेवटापेक्षा भारी आहे आणि तो कुणी एकाने लिहिलेला पण नाही.

बाकीची नाटकं भराभर. मानापमानात धैर्यधराने भामिनीला सोडून द्यायला हवं होतं असं मला कॉलेजात वाटायचं, गरीब म्हणून अपमान करते आणि मग वनमाला बनून त्याची परीक्षा घेते, कशाला करायचं असल्या मुलीशी लग्न. आता वाटतं करू दे, इतकी चांगली पदं झाल्यावर लग्न नाही झालं तर प्रेक्षक खुर्च्या फेकतील. संशयकल्लोळचा शेवट मी बदलला नाही, फक्त पुढची सकाळ लिहिली, बायकोवर संशय घेणारा फाल्गुनराव उठतो आणि उशीखाली बघतो. संशय काय एका दिवसात जातो होय. कट्यार काळजात घुसलीचं मात्र अर्धं पान लिहून सोडलंय. दरबारी गवय्याला मानाची कट्यार मिळते आणि तिने केलेला एक खून माफ, ही अट मुळातच इतकी भयंकर आहे की सगळं नाटक त्या कट्यारीवरून नजर हटू देत नाही. मला वाटायचं दरबारी गवई खाँसाहेब आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव जुंपलेले असताना पंडितजींच्या मुलीने, उमेने, मधे येऊन गायला बसावं, कुणालाही न विचारता. लिहिलं पण. पण ती काय गाईल? नाटकाला चाली देणाऱ्या अभिषेकीबुवांच्या तोडीची चाल मी कुठून आणू. परत तेच, गाणं आलं की माझं पेन थांबतं.

(सहज आठवलं, बालगंधर्व 1967 च्या जुलैत गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात कट्यार आलं.)

शेवट बदलणं म्हणजे मूळ लेखकाचा अपमान असं एकदा एका मैत्रिणीने ऐकवलं होतं. तेव्हा गप्प बसले, उत्तर नंतर सुचलं, नेहमीसारखं. किर्लोस्करांनी 1880 ला संगीत शाकुंतल केलं ते कालिदासावरून. पण कालिदासाने काय केलं होतं? महाभारतात ना दुर्वासांचा शाप आहे ना अंगठी. तिथे दुष्यंताला सगळं आठवतंय, तो ओळखतो, आणि भर दरबारात ओळख नाही म्हणतो. शकुंतला त्याला तिथल्या तिथे खडे बोल सुनावते, रडत बसत नाही. मग आकाशवाणी होते तेव्हा राजेसाहेब म्हणतात की मला माहीत होतं हो, पण नुसत्या तिच्या शब्दावर घेतलं असतं तर लोकांनी मुलावर शंका घेतली असती. कालिदासाने या माणसाला शाप देऊन वाचवलं. विसरला बिचारा, त्याची काय चूक. म्हणजे एवढा मोठा बदल त्यानेच करून ठेवलाय, नायकाच्या सोयीचा, मग मी नायिकेच्या सोयीचा केला तर कुठे बिघडलं. माझ्या वहीत अंगठी सापडतच नाही. आकाशवाणी होते, राजा हो म्हणतो, आणि शकुंतला मुलाला दरबारात ठेवून एकटी परत जाते. हे बरोबर आहे का मला माहीत नाही. मुलाला ठेवून जाईल का ती? दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय.

आज खरं लिहायचं होतं ते सौभद्राबद्दल. किर्लोस्करांचंच 1882 चं नाटक, इतकं गोड की त्याचा शेवट बदलावा असं कुणाच्या मनातही येणार नाही. बलरामदादाला दुर्योधन हवा, सुभद्रेला अर्जुन हवा, कृष्णाने सगळ्यांना खेळवायचं, अर्जुन संन्याशी होऊन बसलेला, आणि शेवटी लग्न. मला काहीच बदलायचं नाही. फक्त पडदा जरा उशिरा पाडायचाय. कारण अर्जुन सुभद्रेला घेऊन घरी जातो आणि घरी द्रौपदी आहे! नाटकभर हसून खेळून आपण तिला विसरलेलो असतो. महाभारतात आहे तो प्रसंग. अर्जुन समोर येतो तेव्हा द्रौपदी म्हणते, तिकडेच जा ना, जिथे ती सात्वतांची (म्हणजे यादवांची) मुलगी आहे, ओझं कितीही घट्ट बांधलेलं असलं तरी वरून दुसरा दोर आवळला की पहिली गाठ सैल पडतेच. काय वाक्य आहे. अर्जुन मग शहाणपणा करतो, सुभद्रेला राजकन्येचा थाट उतरवून गवळणीच्या वेषात पाठवतो, ती पाया पडते आणि म्हणते मी तुमची दासी. आणि द्रौपदी तिला जवळ घेऊन आशीर्वाद देते की तुझा नवरा निःसपत्न होवो. म्हणजे त्याला शत्रू न उरो. पण शब्द बघा ना, सपत्न. सपत्नी म्हणजे सवत, त्या शब्दाला लागूनच बसलेला शब्द, आणि तो सवतीच्या तोंडून सवतीला. हे ऐकून सुभद्रेने वर बघितलं असेल की नाही?

एवढाच एक प्रवेश. दोघी बायका, अर्जुन बाहेर, कृष्ण पण नको, तो आला की परत सगळं गोड करून टाकेल. संवाद जवळजवळ झालेत, द्रौपदीला फार बोलायला लावलं नाही. अडलंय ते पदावर. सौभद्र आहे म्हटल्यावर पद हवंच, आणि ते द्रौपदीचं हवं, सुभद्रेचं नाही, सुभद्रा अख्खं नाटक गायलीये. गाठ सैल होण्याचं पद. साकी करावी का दिंडी (जुन्या नाटकांतले पद्यप्रकार), की सरळ एखाद्या रागात, आणि सकाळचा की रात्रीचा, कारण ती दोघं द्वारकेहून पोचली कधी हेच मी ठरवलेलं नाही. दोन ओळी केल्यात, मोजून बघितल्या तर दुसरीत दोन मात्रा जास्त होतायत.

उद्या आईला फोन करून म्हणून दाखवते, तिला चालीतलं कळतं. कपड्यांच्या घड्या पण राहिल्यात.