पुढच्या आठवड्यात निघतोय

शिडाच्या बोटीनं जग हिंडणाऱ्यांचा बराच काळ समुद्रात नाही, बंदरात जातो. दक्षिण पॅसिफिकमध्ये साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम. तेवढे महिने कितीतरी बोटी न्यूझीलंड गाठून मुक्काम ठोकतात. लांबून पाहणाऱ्याला ती सुट्टी वाटते.

परक्या बंदरात शिरताना पिवळा बावटा लावायचा. कस्टम्स, इमिग्रेशन उरकलं की तो उतरतो, उजवीकडे त्या देशाचा झेंडा चढतो आणि आपण रीतसर पाहुणे होतो. समुद्रात पहाऱ्याच्या पाळ्यांमुळे तुकड्यातुकड्यानं मिळालेली झोप आता सलग मिळते. ती एकदा भागली, की कामं दिसू लागतात.

खारं पाणी कशालाच सोडत नाही. शिडाची शिवण उसवलेली, पंप कुरकुरतोय, आणि थांबलेल्या बोटीच्या तळाशी शेवाळ-शिंपले जोमानं वाढताहेत. एका स्क्रूपायी अख्खी सकाळ जाते. डिंगी म्हणजे छोटी होडी, ती वल्हवत धक्का, तिथून पायपीट, आणि दुकानात कळतं की आपले आटे इंचातले, इथले मिलिमीटरमधले. रिकाम्या हातानं काय परतायचं, म्हणून २० लिटरचा पाण्याचा कॅन भरून घ्यायचा. तो २० किलोचा ऐवज डुलत्या डिंगीतून बोटीवर चढवताना महासागर ओलांडल्याची ऐट पार उतरते.

भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन असे चार थांबे घेतले. लोक दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या खवळलेल्या केप हॉर्नबद्दल विचारतात. मला त्या चार बंदरांचं कुतूहल: कपडे कुठे वाळत घातले असतील? २०१८ मध्ये नौदलाच्या महिलांना घेऊन प्रदक्षिणेला निघालेल्या ‘तारिणी’ला तर सुकाणूच्या बिघाडामुळे ठरलेलं नसताना मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबावं लागलं होतं. बोटीचं असंच असतं. तिला काय हवंय ते आधी, आपली तारीख नंतर.

शेजार मात्र झकास. आडनाव कुणालाच ठाऊक नसतं. माणूस बोटीच्या नावानं ओळखला जातो. सकाळी व्हीएचएफ रेडिओवर सगळे जमतात. हवामान कसं आहे, कुणाकडे जास्तीची दोरी आहे, दाताचा डॉक्टर कुठे मिळेल. कोपऱ्यातली जुनी बोट कधी निघणार, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: पुढच्या आठवड्यात. हे तिचा मालक गेल्या मोसमातही सांगत होता म्हणे. त्याला कुणी हसत नाही, कारण आपलंही तेच चाललेलं असतं.

खरी पंचाईत देश सोडण्याच्या परवानगीच्या, निर्गमनाच्या शिक्क्याची. तो बसला की ठरलेल्या मुदतीत बंदर सोडावंच लागतं. म्हणून कार्यालयात जाण्याआधी मी आणखी एकदा हवामानाचा अंदाज बघतो. वारा अनुकूल असतो. तरी पंप एकदा उघडून पाहिलेला बरा.