आगाशीचे मुनवे, पाचगणीची थंडी

पाचगणीजवळच्या आमच्या घरामागे उताराची थोडी जागा आहे. तिथे खायची केळी लावणार म्हटल्यावर "थंडीत केळी मरतील, त्यापेक्षा स्ट्रॉबेरी लाव" हा सल्ला सगळ्यांनी फुकट दिला. थंडीचा मुद्दा खोटा नाही. कडाक्याच्या हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं. आपल्या सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२चा, त्यामुळे मुंबईकराला केळ आणि थंडी यांचा संबंधच माहीत नसतो. पण दवाने पानं जळाली तरी जमिनीखालचा कंद सहसा तगतो आणि पुन्हा फुटतो. थंडीत वाया जातो तो घड. म्हणून "थंडी सोसणारी जात" एवढंच शोधू नका, घड उन्हाळ्यात निघेल याचाही हिशोब करा.

मुनवे, म्हणजे केळीच्या बुडातून फुटणारी लावायची पिल्लं, आणायला मी मेच्या अखेरीस आगाशीला गेलो. त्याआधी माटुंग्याच्या बाजारात एक चक्कर मारली, कारण जी केळी घरात कुणी खाणार नाही ती लावून काय करायचं? तिथे केरळची नेंद्रन केळी मिळतात. आपली वसईची राजेळी त्याच कुळातली. वाळवून सुकेळी होतात ती हिचीच, पण तिला पिकायला वेळ फार लागतो. थंड जागी तिच्या नादी लागू नये, असं माझं मत.

दादरहून सकाळची विरार लोकल घ्या. उलट्या दिशेची असल्याने बसायला मिळतं. विरार पश्चिमेला उतरून शेअर रिक्षाने किंवा बसने आगाशी. रविवार टाळा, अर्नाळ्याला जाणाऱ्यांची गर्दी त्याच रस्त्याला असते. वाड्यांमध्ये नारळ, पानवेली आणि मध्ये मध्ये केळी. कुठे जुनं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, अजून पाणी धरून आहे. न विचारता आत शिरू नका. बांधावरून हाक मारली की लोक बोलतात.

ज्या काकांकडे गेलो त्यांनी आधी विचारलं, "लावणार कुठे?" पाचगणी ऐकून हसले आणि थेट लाल वेलची दाखवायला घेऊन गेले. ती एएबी गटातली, दक्षिणेत तिलाच पूवन म्हणतात. मुद्दा असा की खायच्या केळीत दोन रानटी पूर्वज मिसळलेले आहेत, अ‍ॅक्युमिनाटा ('ए') आणि बाल्बिसियाना ('बी'). त्यातल्या बाल्बिसियानाचा वाटा, म्हणजे नावातला 'बी', जितका जास्त तितकी थंडी आणि पाणीटंचाई सोसायची ताकद साधारणपणे जास्त. भाजीचं बनकेळ एबीबी, म्हणून ते सगळ्यांत दणकट. बसराई निव्वळ एएए. बुटकी असल्याने वाऱ्यात टिकते, पण थंडीत लवकर मान टाकते. जळगावकडे हिवाळ्यात केळीवर चरका पडतो, म्हणजे थंडीने पानं करपतात, तो याच एएए कुळातल्या बागांवर. मी लाल वेलची आणि बनकेळ घेतलं. बेळगाव-धारवाडची राजापुरी हाताशी असेल तर तीही लावा. जाड बुंध्याची, बुटकी, एएबी. अमेरिकेतल्या थंड भागातले हौशी लोकही ती जपतात.

मुनवा तलवारीसारख्या अरुंद पानांचा हवा. रुंद पानांचा पाणमुनवा दिसायला छान, पण कंद लहान आणि अशक्त. कंद अर्धा ते पाऊण किलोचा बघा, मुळं छाटून घ्या आणि कापावर काळी भोकं किंवा बोगदे दिसले तर तिथेच ठेवून या, ती सोंडकीड. आईझाडाची शेंड्याची पानं आखूड, ताठ आणि गुच्छासारखी दाटलेली असतील तर त्या रांगेतलं काहीच घेऊ नका. हा पर्णगुच्छ रोग, त्याचा विषाणू मुनव्यातूनही येतो, त्यावर औषध नाही.

परतीला मालडब्यात चढा. गोणपाटात बांधलेले कंद भाजीवाल्यांच्या टोपल्यांमध्ये सहज खपून जातात.

ऑनलाइन "थंडीतल्या केळीचं बी" म्हणून पाकिटं विकतात, त्यापासून लांब राहा. खायच्या केळीला रुजणारं बी नसतंच. बर्फातही तगणारी म्हणून गाजलेली जपानी बास्जू शोभेची, तिची फळं खाण्यालायक नसतात. आणि ती 'निळी आईस्क्रीम केळी' खरी आहे, एबीबी आहे, थंडीही बऱ्यापैकी सोसते. पण कच्चेपणी तिच्या सालीवर रुपेरी-निळसर झाक असते एवढंच. जाहिरातीतला शाईसारखा निळा रंग संगणकावरचा.

लागवड पावसाच्या तोंडावर करा, म्हणजे हिवाळ्यापर्यंत कंद भरतो. खड्डा नको, उंचवटा करा. घाटमाथ्याच्या पावसात पाणी साचलं तर थंडीच्या आधीच कंद कुजेल. जागा उताराच्या मध्यावर, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत. तळाला अजिबात नको, रात्री गार हवा तिथेच जाऊन बसते. पारा १४-१५च्या खाली गेला की वाढ जवळपास थांबते, तेव्हा खत घालून उपयोग नाही. बुंध्याला पेंढा आणि गोणपाट गुंडाळा. जळालेली पानं फेब्रुवारी संपेपर्यंत कापू नका, तीच आतल्या कोंबावर पांघरूण होतात. मुनवा एकच राखा. वसईत साधारण वर्षा-सव्वा वर्षात मिळणारं पीक पाचगणीला त्याहून बराच वेळ घेणार, हे धरून चाला.

केळ नोव्हेंबरात निसवलीच, म्हणजे घड बाहेर पडायला लागला, तर घड गळ्यात अडकतो किंवा बोटाएवढीच केळी धरतात. तेव्हा केळफूल वेळेत काढून भाजीला घ्या, आणि बनकेळ असेल तर कच्ची केळीही काढा. कापं चांगली होतात.