आमची वाटचाल : उद्यमनगरचा बो प्रेस

दुकानात येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हॉइट घेऊ की मॅथ्यूज? कंपाऊंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य बनवणाऱ्या ह्या दोन कंपन्या. माझंही ठरलेलं आहे. आधी पोरीला भिंतीला पाठ लावून उभी करतो, दोन्ही हात आडवे पसरायला लावतो आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत टेप धरतो. जेवढे इंच भरतील त्यांना अडीचने भागायचं. ६५ भरले तर ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी मागं ओढायची लांबी, २६ इंचांच्या आसपास. एवढं झाल्याशिवाय शोकेसची काच सरकत नाही. काहींना राग येतो. येऊ दे. ह्या टेपवरच आमचं दुकान उभं राहिलं आणि ह्या टेपपायीच ते बसायची वेळ आली होती.

वडिलांचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत सायकलचं दुकान. मी तिथं चाकं सरळ करत मोठा झालो. रिम स्टँडला लावून फिरवायची, कुठं लचकते ते बघायचं आणि त्याच्या उलट बाजूच्या तारेचं निप्पल पाव आटा कसायचं. पुढं कॅम (कंपाऊंडच्या टोकावरचं चाक) हातात आला तेव्हा हीच नजर कामी आली. कॅम एक्सलवर, म्हणजे त्याच्या आसावर, तिरका झुकलाय हे मला पट्टी लावायच्या आधी दिसतं. २०११ साली त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात आम्ही तिरंदाजीचं सामान ठेवायला लागलो : इंडियन राउंड ह्या देशी प्रकाराचे बांबूचे धनुष्य, फोमची टार्गेट, सुटे बाण. कोल्हापूर तसं नेमबाजांचं गाव. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यामुळं रायफल-पिस्तूल घराघरांत माहीत झालेलं. पण बाण दिसला की लोक विचारायचे, "दसऱ्याला लागतंय काय हे?"

२०१४ ला इंचॉनच्या आशियाई खेळांत कंपाऊंड पहिल्यांदा आलं, आपल्या पुरुष संघानं सुवर्ण आणलं आणि चौकशा सुरू झाल्या. आता कंपाऊंड विकायचा तर प्रेस, म्हणजे बो दाबून धरायचं यंत्र, पाहिजे. रिकर्व्हची, म्हणजे बिनचाकाच्या धनुष्याची दोरी स्ट्रिंगर नावाची साधी दोरी घालून घरी चढवता येते. कंपाऊंडचे दोन्ही लिम्ब (वरची-खालची लवचिक पाती) दाबून ताण उतरवल्याशिवाय दोरीला हात लावता येत नाही. बाहेरून प्रेस मागवण्याइतका आमचा गल्ला नव्हता. उद्यमनगरात एक टर्नर होते, त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणायचे. मी प्रेसचे फोटो घेऊन गेलो.

"फोटो नको दावूस. बो आण. काय दाबायचंय ते बघू दे."

बो नेला. त्यांनी अर्धा तास तो नुसता हातात फिरवला, लिम्बच्या टोकाला अंगठा लावून बघितला आणि चहा मागवला. पंधरवड्यानं शेडमध्ये जे उभं होतं ते आजही आमच्या टेबलावर आहे : चॅनेलचा पाट, त्यावर एकच लांब स्क्रू, मधोमध कॉलर, एका अंगाला उजवे आटे, दुसऱ्या अंगाला डावे. चौकोनी आटे, गनमेटलचे नट, लिम्ब धरणाऱ्या बोटांवर नायलॉनचे रोलर. हँडल एक फिरवायचं, दोन्ही बोटं सारखीच आत येतात. एक लिम्ब आधी आणि दुसरा मागून दबला तर बो पिळतो, हे मी त्यांना सांगितलंसुद्धा नव्हतं. मजुरी विचारली तर म्हणाले, "चार आणे भागी दे." तोंडी भागी, कागद नाही, आणि ती आजही चालू आहे. कंपाऊंडचा जनक अमेरिकेतल्या मिझुरीचा होलेस विल्बर ॲलन. त्यानं म्हणे साध्या धनुष्याची टोकं कापून तिथं पुल्या बसवल्या आणि १९६९ साली पेटंट मिळवलं. हे सांगितलं तेव्हा मिस्त्री एवढंच बोलले, "आपल्यातलाच हाय की."

२०१४ ते २०१७ दुकान बरं चाललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आमच्या प्रेसवर हात बसवलेला एक पोरगा होता. हुशार, बोलायला गोड. त्यानं स्वतःचं दुकान काढलं. काढू दे, कोल्हापुरात एका ओळीत चार ठिकाणी तांबडा-पांढरा मिळतो आणि चारही चालतात. पण त्यानं दारावर फ्लेक्स लावला : "कोल्हापुरातला सर्वात फास्ट बो, ३४० फूट पर सेकंद." त्या दिवसापासून आमच्याकडं येणारा प्रत्येकजण फुटात बोलायला लागला.

ह्या फुटांचं जरा सांगतो. कंपनीच्या पत्रकावरचा वेग मोजतात तो ७० पौंड ताण, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा हलका बाण लावून. मैदानी टार्गेटच्या स्पर्धेत ६० पौंडांच्या वर परवानगीच नाही. ड्रॉ लेंथ एक इंच कमी झाली की साधारण दहा फूट जातात, पौंडामागं दोनेक फूट जातात, पीप (दोरीत बसवलेलं, डोळा लावायचं छिद्र) आणि डी-लूप (दोरी ओढायचा फास) यांचं वजन दोरीवर चढलं की आणखी थोडे. पत्रकावर ३३० छापलेला बो ५० पौंड आणि २७ इंचांवर आमच्या वेग मोजायच्या क्रोनोग्राफला २५०-२६० दाखवतो, आणि तेवढ्यात ५० मीटरवर काम भागतं. ८० सेंटिमीटरचं टार्गेट, दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं, ७२ बाण, ७२० गुण. तिथं वेगाला गुण नाहीत. वेगासाठी कॅम जहाल केला की ओढताना खांदा आखडतो आणि शेवटी दोरी थांबते ती जागा इतकी निमुळती होते की पोरगं जरा सैलावलं तर बो त्याला पुढं खेचतो.

तर २०१८. जिल्ह्याबाहेरच्या एका निवासी संस्थेला सोळा मुलींसाठी कंपाऊंड हवे होते. संस्थेचं नाव घेत नाही. मी आणि मिस्त्री दोन दिवस तिथं राहिलो, प्रत्येकीचं माप घेतलं. साडेचोवीसपासून साडेसत्तावीसपर्यंत ड्रॉ लेंथ, ३० ते ४५ पौंड, डाव्या डोळ्यानं नेम धरणाऱ्या, म्हणून डावा बो लागणाऱ्या तिघी. वहीत सगळं लिहिलं, त्याची प्रत त्यांना दिली. तिथल्या साहेबांनी सांगितलं, "माल मागवून ठेवा, कागद होतोय." कंपाऊंड काय कपाटातून काढून देता येत नाही, मागवला की कस्टम होऊन हातात पडायला महिने जातात, हे त्यांना माहीत होतं. पतसंस्थेत बायकोच्या पाटल्या ठेवल्या आणि आगाऊ रक्कम भरली.

मग निविदा निघाली. "कंपाऊंड बो, नग १६, वेग किमान ३३० फूट." ड्रॉ लेंथचा रकाना नाही. उजवा-डावा नाही. पौंड नाहीत. मी मागवलेला एकही बो त्या अटीत बसत नव्हता आणि बसला असता तर तो त्या मुलींच्या हातात बसला नसता. दर सर्वांत कमी कुणाचा, ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यानं दिले शिकारीचे बो : एक्सलपासून एक्सलपर्यंत ३० इंच, सगळे २८ ड्रॉवर लावलेले, ६० पौंडी. आखूड बोची दोरी ओढल्यावर तीव्र कोन करते, नाकाला टेकतच नाही, मग मुलगी मान पुढं काढून पीप शोधते. ड्रॉ दोन इंच जास्त, म्हणजे पुढचा खांदा वर आणि कंबर मागं. दोरी कोपराच्या आतल्या बाजूला बसते. पुढच्या वर्षी मी एका स्पर्धेत त्यातल्या एका मुलीचा हात बघितला. मनगटापासून कोपरापर्यंत निळा. मी पत्र लिहिलं होतं, वहीची प्रत पुन्हा जोडली होती. उत्तर नाही. आजपर्यंत नाही.

आमच्या शेडमध्ये सोळा खोकी आणि पतसंस्थेचा हप्ता. त्यातला पहिला बो घेतला तो राधानगरीकडच्या एका ऊसवाल्या शेतकऱ्यानं. त्यांची मुलगी आधी आमच्याकडूनच बांबूचं धनुष्य घेऊन गेली होती. मी म्हटलं, "मालक, अडचणीत आहे, दर कमी करतो, पण एकरकमी द्या."

"दर कमी करू नका. पोरीचं माप घेतलासा न्हवं? मग झालं. कारखान्याचं बिल आलं की दोन हप्त्यांत देतो."

दिले. नुसते दिले नाहीत, पाहुण्यारावळ्यांत सांगत फिरले. त्यांच्या ओळखीनंच पाच बो गेले. त्यांची पोरगी आज राज्याच्या संघात आहे आणि दोरी बदलायला अजून वडील स्वतः एसटीनं बो घेऊन येतात. पिशवी मांडीवर, टपावर नाही. (आलोच आहे तर सांगतो : उन्हात बंद गाडीत बो ठेवू नका, दोरी ताणते आणि पीप फिरतो. आणि बाण न लावता ओढलेला बो कधीही सोडू नका. "एकदाच सुटला हो" म्हणून आणलेल्या बोचा कॅम वाकलेला असतो, लिम्बला चीर असते.)

राहिलेले बो जात होते तोवर ऑगस्ट २०१९ आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. शाहूपुरीत भाड्यानं घेतलेलं गोदाम बुडालं. फोमची टार्गेट पाणी पिऊन अशी जड झाली की चौघांनी उचलायची. शिरोलीला महामार्ग बंद, त्यामुळं पुण्यातून येणारा माल तिकडंच अडकला. त्याच महिन्यात जागतिक संघटनेनं भारतीय तिरंदाजी संघटनेला निलंबित केलं, ते उठलं जानेवारी २०२० मध्ये, आणि दोन महिन्यांत कोरोना. पुरात सापडलेल्या प्रेसचा स्क्रू मिस्त्रींनी काढून डिझेलमध्ये धुतला, आट्याआट्यातला गाळ तारेच्या ब्रशनं काढला, ग्रीस भरलं. म्हणाले, "लोखंड हाय. पुसलं की झालं."

खरी हवा फिरली २०२३ ला. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्यात सराव करणारे दोघं, अदिती स्वामी आणि ओजस देवतळे, कंपाऊंडचे वैयक्तिक विजेते झाले. ओजसनं अंतिम लढतीत १५० पैकी १५० मारले. दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई खेळांत कंपाऊंडची पाचही सुवर्णं आपली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा आली आहे. आता फोन थांबत नाही, आणि प्रश्न तोच : हॉइट की मॅथ्यूज?

तर नव्या बोंची आमच्या टेबलावरची तुलना सांगतो, फ्लेक्सवरची नाही. आम्ही सगळ्यांना एकाच पौंडावर, एकाच ड्रॉवर आणि एकाच बाणावर आणतो. कागदातून बाण मारतो, फाटलेलं भोक बघतो. भोक आडवं फाटलं की कॅमचा झुकाव काढावा लागतो, आणि इथं कंपन्या वेगळ्या होतात. हॉइटच्या इन्व्हिक्टासारख्या बोला केबलचं टोक दोन फाट्यांत विभागलेलं असतं, त्याला योक म्हणतात. एका बाजूला पीळ वाढवायचा, दुसऱ्या बाजूला कमी करायचा. वेळ लागतो, पण हात असेल तर अर्ध्या पिळापर्यंत बारकाई मिळते. मॅथ्यूजच्या टायटलमध्ये एक्सलवरच्या टॉप हॅट नावाच्या चकत्या बदलाव्या लागतात, म्हणजे प्रेस, एक्सल बाहेर, पुन्हा आत. शिवाय प्रत्येक ड्रॉ लेंथला वेगळा मॉड, म्हणजे कॅमवर बसवायचा तुकडा. वाढत्या वयाच्या पोराला हे महागात जातं, वाढ थांबलेल्याला काही फरक नाही, आणि पकडीत तो बो मला स्वतःला सगळ्यांत शांत वाटतो. बोटेकचा डेडलॉक असेल तर ॲलन कीनं कॅम डावी-उजवीकडं सरकवून आवळायचा, प्रेस लागतच नाही. पीएसईच्या अलीकडच्या काही मॉडेलांत कॅमशेजारी अडकवायचे स्पेसर येतात. नवशिक्याला मी पीएसईचा स्टिंगर देतो. मॉड्यूल फिरवला की ड्रॉ वाढतो, पोरगं वाढेल तसा बो वाढतो.

मिस्त्रींना डेडलॉक आवडत नाही. म्हणतात, प्रेसचं काम काढून घेतलं. मला आवडतो, कारण गडहिंग्लज-चंदगडकडच्या पोरांना पाव मिलीमीटरसाठी कोल्हापूरला यावं लागत नाही.

लांबीचंही बघा. उंच पोराला ४० इंची बो धरायला स्थिर, २५ ड्रॉच्या मुलीला तोच बो नुसता जड. तिला ३६ पुष्कळ. लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर ताण किती टक्के उतरतो, ते बघा : ६० पौंडांचा बो ७५ टक्क्यांवर हातात १५ पौंड राहतो. जास्त लेट-ऑफ म्हणजे आराम, पण फार हलकं धरलं की सोडताना हात ढिला पडतो. पूर्ण सेट अडीच-तीन लाखांच्या घरात जातो. त्यातला अर्धा पैसा बोवर आणि उरलेला साइट, स्कोप, दोरी सोडायचं रिलीज आणि बाणांवर ठेवा. सगळा पैसा बोत आणि उरलेसुरले बाण, असली गिऱ्हाइकं रोज बघतो.

त्या संस्थेचंही सांगून टाकतो. ते सोळा बो गेल्या वर्षी दुरुस्तीला निघाले. माझ्याकडं कोटेशन मागितलं, नियमाप्रमाणं तीन घेतली आणि काम पुन्हा त्यालाच दिलं. त्यानं ते सोळाही बो टेम्पोत घालून आमच्याकडं पाठवले. त्याच्या प्रेसची बोटं त्या आखूड लिम्बला बसत नाहीत. फोनवर म्हणाला, "दादा, तुमचाच हात लागू दे." मी केले. दोऱ्या बदलल्या, ड्रॉ कमी करता येईल तेवढा केला, जुन्या वहीतली मापं बघून. त्यातल्या बऱ्याच मुली आता तिथं नाहीत.

बाहेरून घेतलेल्या बोला प्रेसचे पैसे पडतात, आमच्याकडच्या बोला पडत नाहीत. त्याच्याकडून आणलेल्या बोलाही दर तोच, जास्त लावत नाही. फक्त त्याचा नंबर आमच्या गिऱ्हाइकांच्या नंतर लागतो, आणि दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस अजिबात लागत नाही.