कोल्हापूरची गाडी, बेळगावचा नंबर

बेळगावात जुनी कार घ्यायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "कोल्हापूरला बघ की, तिकडं स्वस्त मिळते." सल्ला खोटा नाही. तेच मॉडेल, तेच साल, पण कोल्हापूरच्या एमएच-०९ नंबरची गाडी बेळगावच्या केए-२२ पेक्षा बऱ्याचदा कमी भावात सुटते. मीही तीच वाट धरली. फक्त निघण्याआधी एका वहीत हिशेब मांडला होता, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणात उपयोग झाला तो त्या वहीचाच.

हिशेब असा. पेट्रोल कारला महाराष्ट्रात १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांना १२ टक्के असा एकरकमी रोड टॅक्स ऐकत आलोय. कर्नाटकात ५ लाखांपर्यंत १३, ५ ते १० लाखांना १४, १० ते २० लाखांना १७, त्याच्यावर १८ टक्के, आणि त्या करावर पुन्हा उपकर. म्हणजे १२ लाखांची गाडी कोल्हापुरात रस्त्यावर आणायला १ लाख ४४ हजार कर, तर बेळगावात २ लाख ४ हजार, वर उपकर वेगळा. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की गाडी महाग होते ती अशी. जुन्या गाडीला हा कर गाडीच्या मूळ किमतीवर लागतो आणि वयानुसार त्यात सूट मिळते. आपण किती रुपयाला घेतली याच्याशी आरटीओला देणंघेणं नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या भावात बेळगावचा कर मिळवायचा, कागदपत्रांचा आणि येण्याजाण्याचा खर्च मिळवायचा, आणि मग इथल्या केए-२२ च्या भावाशी ताडून बघायचं. महागड्या मोठ्या गाडीला हा व्यवहार फारसा परवडत नाही असं माझं मत झालं. ५ लाखांच्या आतल्या लहान गाडीला परवडतो, तोही गाडी चांगली मिळाली तरच.

"एमएच नंबरवरच चालव, कोण विचारतंय?" हेही ऐकायला मिळतं. बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीत तशा गाड्या वर्षानुवर्षं फिरतातच. पण मोटार वाहन कायद्यात स्पष्ट आहे की परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. शिवाय गाडी आपल्या नावावर नसेल तर अपघाताच्या वेळी विम्याचं काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

आता गाडीचं. कोल्हापूर-सांगलीकडची गाडी बघताना सगळ्यात आधी पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा आणि कृष्णा किती वर आल्या होत्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं तेव्हा निपाणीजवळ ट्रकांची रांग लागली होती. त्या पाण्यात ज्या गाड्या बसल्या त्यांतल्या कितीतरी धुऊन-पुसून, नवे सीट कव्हर घालून बाजारात आल्या आहेत.

म्हणून मी आमच्या ऑटोनगरातल्या मिस्त्रींना बरोबर घेतलं. दिवसाची मजुरी आणि जेवण देऊन. याच्याइतका वसूल झालेला खर्च दुसरा नाही. सांगलीकडच्या एका डीलरकडे एक पांढरी हॅचबॅक होती. आतून नव्यासारखी, किलोमीटर कमी, भावही ओढून घेणारा. मिस्त्रींनी इंजिनकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि ओढत ओढत पार शेवटापर्यंत बाहेर काढला. वरचा हातभर पट्टा स्वच्छ. आतून जो भाग आला त्याच्यावर आडवी तपकिरी रेघ, आणि नखानं खरवडल्यावर बारीक माती. मग डिकी उघडून स्टेपनी उचलली. तिच्या खालच्या खळग्यात, रबरी बुचाच्या कडेनं, तसलाच वाळलेला गाळ. सीटच्या पटरीचे बोल्ट गंजलेले. डीलर म्हणाला, धुतली होती गाडी, म्हणून असेल. मिस्त्री मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "पाण्यात बसलेली हाय ही. घेऊ नगासा."

पुरातल्या गाडीचं इंजिन खोलून साफ करता येतं, पण वायरिंगचे जॉइंट आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आतून सडत राहतात. आज काचा चालत नाहीत, उद्या एसी, परवा पावसात गाडी मध्येच बंद. ते दुखणं गॅरेजवाल्यालाही सापडत नाही. तेव्हा सीटबेल्ट, स्टेपनीचा खळगा, फ्यूज बॉक्सच्या फटी आणि हेडलाइटच्या आतला ओलसरपणा ही चार ठिकाणं कुणीही स्वतः तपासू शकतं. कोकणातून आलेली गाडी असेल तर खाली वाकून चेसिसचा गंज बघायचा, खाऱ्या हवेनं पत्रा खालून खातो.

शेवटी गाडी मिळाली ती डीलरकडे नाही, कोल्हापुरातल्या एका निवृत्त सरांकडे. २०१८ ची वॅगनआर, पेट्रोल, एकहाती वापरलेली. सरांना आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, "सर, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करूनच मिस्त्रींनी चावी फिरवली. गरम इंजिन सगळे दोष झाकतं; थंड इंजिनच्या स्टार्टला धूर, खडखड, सगळं कळतं. ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला पांढरट साय आहे का ते पाहिलं, कारण तसं असलं तर कूलंट ऑइलमध्ये उतरतंय का अशी शंका घ्यायची. ते स्वच्छ होतं. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गाडी हळू फिरवली तेव्हा उजव्या चाकातून कटकट आवाज आला. सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा. "हे काम निघतंय, पण भ्यायचं कारण नाही," असं सांगून मिस्त्रींनी तिथेच खर्चाचा आकडा सांगितला आणि सरांनी तेवढी रक्कम कमी केली.

टायरचं एक सांगतो, कारण हे बहुतेक लोक बघत नाहीत. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. सरांची गाडी कमी फिरलेली, त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक होती, पण टायर मूळचेच, कडेला बारीक भेगा पडलेल्या. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको हा नियम झाला, पण इतक्या जुन्या रबरावर मी चोर्ला घाट उतरणार नाही. चार टायरचे पैसे सौद्यात धरायला लावले. सर थोडे नाराज झाले, मग हसले.

किंमत ठरल्यावर खरं काम सुरू होतं. सरांनी गाडी कर्जावर घेतली होती. कर्ज कधीच फिटलेलं, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचं नाव तसंच. बँकेकडून एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणि फॉर्म ३५ घेऊन ते नाव काढल्याशिवाय पुढे काही हलत नाही, आणि बँकेच्या त्या पत्राला मुदत असते, म्हणून ते फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. दुसरी अडचण ई-चलन. सर म्हणाले, "माझ्यावर एकही चलन नाही." परिवहनच्या साइटवर नंबर टाकला तर पुण्याच्या रस्त्यावरचं वेगमर्यादेचं चलन बाकी. मुलगा गाडी घेऊन गेला होता. ते भरलं.

मग फॉर्म २८, म्हणजे मूळ आरटीओची एनओसी. यासाठी चेसिस नंबरची छाप लागते. नंबरावर धूळ आणि ग्रीस चिकटून बसलेलं. रॉकेलच्या फडक्यानं पुसून, पातळ कागद घट्ट धरून वरून पेन्सिल आडवी घासायची, मग एकेक अक्षर उमटतं. इंग्रजी आठ की बी असा घोळ झाला तर छाप परत घ्यायला लावतात, म्हणून घाई करायची नाही. एनओसी मागताना कुठल्या आरटीओच्या नावे हवी ते नीट लिहायचं. बेळगाव-खानापूरकडच्यांना बेळगाव, केए-२२. पण निपाणी-चिकोडीकडच्यांना चिकोडी, केए-२३. जिल्हा एकच म्हणून बेळगाव लिहून दिलं तर कागद परत कोल्हापूरला.

सरांनी फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० (नावावर करून घेण्याचा अर्ज) यांवर सह्या करून दिल्या. विकणाऱ्यानं हे लक्षात ठेवायला हवं: परराज्यात गाडी विकली तर ४५ दिवसांच्या आत कळवायचं असतं. नुसत्या सह्या करून चावी दिली आणि मोकळे झालो असं होत नाही. गाडी कागदावर तुमचीच राहते, पुढच्या अपघाताची नोटीसही तुमच्याच दारात येते.

बेळगावात आरटीओ सर्कलजवळ पाऊल टाकलं की एजंट गाडीचा नंबर बघूनच पुढे येतात. एमएच पाहिल्यावर तर नक्कीच. एजंट वाईट असतात असं मी म्हणणार नाही. ज्याला नोकरीतून सुट्टी मिळत नाही त्यानं जरूर घ्यावा. पण एकानं मला करासकट एकच ठोक आकडा सांगितला, आणि त्यातला कर किती, तुमचा मेहनताना किती असं विचारल्यावर, "तुम्हाला काय करायचंय, काम झालं म्हणजे झालं की ओ," असं उत्तर मिळालं. वहीतला हिशेब तिथे कामाला आला. मूळ किंमत ४ लाख ८० हजार धरली तर १३ टक्क्यांनी ६२,४०० आणि वर उपकर, त्यातून गाडीच्या वयाची सूट. म्हणजे भरायचा आकडा त्याहून बराच खाली. एजंटचा आकडा बराच वर होता. मी स्वतः अर्ज केला.

मूळ खरेदीचं बिल इथे सोन्यासारखं. कर त्याच किमतीवरून काढतात. सरांनी ते फाइलमध्ये जपून ठेवलं होतं, शाळेतल्या माणसाची सवय. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा आरसीच्या आधी बिलाची चौकशी करा. बाकी कागद: मूळ आरसी, एनओसी, फॉर्म २७ (नव्या नंबरचा अर्ज), २९, ३०, चालू विमा, एमिशनचं सर्टिफिकेट, आधार, पॅन, फोटो. कर ऑनलाइन भरला, पावती छापून घेतली. गाडी मात्र प्रत्यक्ष न्यावी लागते; इन्स्पेक्टर खाली वाकून चेसिस आणि इंजिन नंबर कागदाशी पडताळतात. आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी कन्नडमधून विचारलं, मी माझ्या मोडक्या कन्नडमधून उत्तर दिलं, आणि दोन वाक्यांनंतर तेच मराठीत बोलायला लागले. बेळगावात असंच चालतं.

नंबर मिळाल्यावर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्यावी लागते. फास्टॅगही नवा. जुना टॅग सरांच्या नावे, एमएच नंबरला जोडलेला, तो त्यांनीच बंद करायचा. केला नाही तर आपण हत्तरगीच्या टोलवर गेलो की पैसे कोल्हापुरातल्या खात्यातून जातात आणि फोन येतो.

विम्याबद्दल गैरसमज फार. पॉलिसी गाडीबरोबर येते, पण १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज करायचा असतो. नो क्लेम बोनस मात्र येत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. सरांचा बोनस त्यांनी त्यांच्या नव्या गाडीला लावून घेतला. मला फरकाचा हप्ता भरावा लागला. तोही खर्च सौदा करताना धरून चाला.

गाडी घरी आल्यावर इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर सरसकट बदललं. आधीच्यानं कधी बदललं याच्या चौकशीत वेळ घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. बॅटरी काही आठवड्यांत बसली. सात वर्षांच्या गाडीत ती दुसरी की तिसरी कोण जाणे. आणि बॉनेटच्या मागे, वायपरच्या खाली जाळीत साचलेली पानं काढली. ती तशीच राहिली तर खानापूरकडच्या पावसात पाणी तुंबून डाव्या सीटच्या पायाखाली उतरतं आणि लोक समजतात दाराचं रबर गेलं.

राहिला महाराष्ट्रातल्या कराचा परतावा. गाडी कायमची दुसऱ्या राज्यात गेली की उरलेल्या काळाचा कर परत मागता येतो. त्यासाठी इथली नवी आरसी आणि कराची पावती जोडून मूळ आरटीओकडे अर्ज करायचा. आमच्या बाबतीत पैसे सरांच्या खात्यात येणार, म्हणून खरेदीच्या करारातच लिहून घेतलं होतं की आल्यावर ते मला द्यायचे. अर्ज केलाय, पैसे अजून आलेले नाहीत. सर दर महिन्याला आपणहून फोन करून सांगतात, "नाही आले हो अजून," आणि मग गाडीची चौकशी करतात.